धुऱ्यावरचा सबक

परवा बाजारातून हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी आणली. पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली आणि सवयीनं बोटं चाटली. आंबट. थंडीत हरभऱ्याच्या पाल्यावर धरते ती आंब शेतातून टेम्पोत, टेम्पोतून नांदेडच्या भाजीबाजारात आणि तिथून माझ्या बोटांवर अशी शाबूत येते, याचं मला दरवर्षी नव्यानं नवल वाटतं. नसीमला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याचं नवल वाटत नाही. तिला माझं वाटतं.

"पन्नाशी आली तुमची. शाळेत पोरांसमोर असलं काही करता का हो?" तिनं विचारलं.

"शाळेत हरभरा कुठं असतो?"

"तेच बरं हाय," असं म्हणून ती जुडी सोडायला बसली.

शाळेत हरभरा नसतो हे अगदी खरं. मी हायस्कूलात भूगोल शिकवतो. माझ्या वर्गाची पूर्वेकडची खिडकी गंजून कायमची बसली आहे, त्यामुळं वारे मी भिंतीवरच्या नकाशातच वाहवतो. रब्बीची पिकं फळ्यावर पेरतो आणि तास संपला की डस्टरनं काढून घेतो. इतकी वर्षं हे सुरळीत चाललंय. कुणाची तक्रार नाही, पिकांचीसुद्धा नाही. पण डहाळ्यांचा वास घरात पसरला की काही वर्षांपूर्वीचा एक हिवाळा माझ्यापुढं येऊन उभा राहतो. त्या हिवाळ्यात मी, भूगोलाचा मास्तर, माझ्याच पोरीच्या मागं मागं शेतात हिंडलो आणि थोडाफार भूगोल शिकलो.

शिफा तेव्हा बारा वर्षांची होती. सकाळी शाळा आणि दुपारनंतर मुलींच्या मदरशात हिफ्ज. हिफ्ज म्हणजे अख्खं कुराण तोंडपाठ करणं. त्याचे तीस भाग, एकेका भागाला पारा म्हणतात. रोज थोडा नवा भाग पाठ करून बाईंना ऐकवायचा, तो सबक. मागचं सगळं पुन्हा पुन्हा म्हणून ताजं ठेवायचं, ते आमोख्ता. नवं धरता धरता जुनं गळू द्यायचं नाही. गळक्या हंड्यातून पाणी आणायला जेवढी घाई आणि जेवढी काळजी लागते, तेवढी इथं रोज लागते.

तेरा पारे झाले होते. चौदाव्याला पोरगी अडली.

त्याच सालात आम्ही जुनं घर सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. फ्लॅट ही माझी फार दिवसांची हौस. त्याच्या बाल्कनीतून समोरच्या बाल्कनीचा उत्तम देखावा दिसतो. जुन्या घराला मातीचं अंगण होतं आणि अंगणात जांबाचं झाड. पहाटेच्या नमाजनंतर शिफा त्या झाडाखाली रेहलवर, म्हणजे लाकडी घडीच्या तिवईवर, कुराण ठेवून बसायची आणि शाळेची वेळ होईपर्यंत सबक पाठ करून मोकळी व्हायची. फ्लॅटमध्ये ती हॉलमध्ये बसली, मग बेडरूममध्ये, मग जिन्याच्या वळणावर. त्याच वर्षी मदरशाचाही वर्ग नव्या इमारतीच्या हॉलमध्ये गेला. तिथं चकचकीत फरशी, पांढऱ्या ट्यूबलाइट, आणि रस्त्यावरच्या हॉर्नचा त्रास नको म्हणून बंद केलेल्या खिडक्या. पोरीचं डोकं दुखायला लागलं. डोळे तपासले, नंबर नव्हता. रक्त तपासलं, गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनी गालांवर रंग आला, सबक मात्र पुढं सरकला नाही. रात्री पाठ केलेलं दुपारी जायचं.

तिच्या बाई, ज्यांना सगळ्या मुली आपाजान म्हणतात, त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, बोलायला कमी. पडद्याआडून मला आणि समोर बसलेल्या नसीमला त्यांनी एकदमच सांगितलं. रमजानच्या सुट्टीआधी शिफानं चौदावा पारा सलग, न अडखळता ऐकवला तर ठीक. नाही जमलं तर तिला हिफ्जमधून काढून नुसत्या वाचनाच्या वर्गात बसवायचं.

"सजा नहीं है ये," त्या म्हणाल्या. "बच्ची है. ओझं नको तिच्यावर."

त्यांचं बरोबर होतं. घरी येईपर्यंत मीसुद्धा मनात कबूल केलं होतं. जिन्यात मात्र शिफा थांबली. दप्तर पायरीवर ठेवलं.

"अब्बा, मला काढू नका."

"डोकं दुखतं ना बेटा?"

"दुखू द्या. तुम्ही सगळे मधीच सोडता. मी न्हाई सोडणार."

दप्तर मी उचललं. आमच्या घराण्यात गोष्टी मधेच सोडण्याची मोठी परंपरा आहे. माझं एम. ए. एका वर्षावर थांबलंय. भाईजाननं, माझ्या थोरल्या भावानं, शेतात विहीर खोदायला घेतली, ती कातळ लागला तिथं थांबली. नसीमच्या कपाटात एका बाहीचा स्वेटर आहे. तो कुणासाठी होता ते आता तिलाही आठवत नाही. शिफा हे सगळं बघत मोठी झाली होती, आणि आम्ही समजत होतो की तिचं लक्ष नाही.

त्याच आठवड्यात लातूरला मेहुण्याकडं कार्यक्रम होता. नसीम मूळची निलंग्याची, तिचा भाऊ अन्वर लातूरला क्लासच्या भागात विद्यार्थ्यांची मेस चालवतो. लातूरला कुणाच्याही मुलाला काहीही झालं तरी औषध एकच, क्लास. अन्वरनं शिफाची हकिकत ऐकली आणि भात वाढता वाढता म्हणाला, "दाजी, मेमरीचा क्लास हाय ना कोपऱ्यावर. लई जबरी. डिक्शनरी पाठ करून घेतेत."

"तिला डिक्शनरी पाठ करायची नाही रे."

"कुराण बी हुईल की. मेमरी म्हणल्यावर मेमरीच."

मी त्याच्या मेसच्या जिन्यात उभा राहून समोरची होस्टेलं बघितली. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली, म्हणजे बाहेर लक्ष जायला नको. खाली टेबलाशी एक मुलगा पुस्तक वाटीला टेकवून जेवत होता. त्याच्या ताटात हरभऱ्याची भाजी होती आणि तोंडात शेंगांच्या कुळाचं लॅटिन नाव. दोघांची ओळख कुणी करून दिलेली नव्हती. मला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. चौदाव्या पाऱ्यातल्या ज्या मोठ्या सूरेवर, म्हणजे अध्यायावर, माझी पोरगी अडली होती, तिचं नाव मधमाशीवरून आहे. आणि फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून शिफानं मधमाशी पाहिली असेल तर ती मधाच्या बाटलीवरची.

मेमरीच्या क्लासचं मी आपाजानच्या कानावर घातलं. त्यांनी पडद्यामागून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गाँव है क्या तुमारा?"

"हाव. कंधारच्या अलीकडं. भाऊ शेती बघतो."

"तर मग क्लास कशाला? हुजूरना, आपल्या पैगंबरांना, तान्हे असताना मक्केतून बाहेर दाई बीबी हलीमांकडं धाडलं होतं. वाळवंटात, मोकळ्या हवेत. शहरातले लोक तेव्हा लेकरं तशीच धाडायचे, तब्येत आणि जुबान दोन्ही सुधरायला. मग बकऱ्या राखल्या त्यांनी. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर ठेवलंय."

शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं. मी म्हणालो, "आमच्याकडं वाळवंट नाही आपा."

"उन्हाळ्यात असतं. तेव्हा जा म्हणत नाही मी, आता जा," त्या म्हणाल्या. आपाजान विनोद करतात हे मला त्या दिवशी कळलं.

शिफाच्या शाळेत स्नेहसंमेलनाची धामधूम होती, शिकवणं बंद. माझ्या रजा शिल्लक होत्याच. नसीम नोकरीमुळं मागं राहिली आणि मी शिफाला घेऊन कंधारच्या एसटीत बसलो. रेहल तिनं मांडीवर धरली होती, शालीत गुंडाळून. फाट्यावर भाईजान मोटरसायकल घेऊन उभा होता. त्यानं एकदा रेहलकडं बघितलं, एकदा माझ्या बुटांकडं, आणि म्हणाला, "बूट काढून ठेव. रान वलं हाय."

संक्रांत होऊन गेली होती. जोंधळा डोक्याच्या वर आणि दाण्यात दूध भरलेलं. सकाळी त्याच्या पानांवर चिकटा असायचा, हात लागला की बोटं एकमेकांना सोडत नसत. शेताच्या एका अंगाला जोंधळा, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा हरभरा, आणि मधून बैलाचं पाऊल मावेल एवढा धुरा, म्हणजे बांध, चिंचेच्या झाडापासून त्या अर्धवट विहिरीपर्यंत गेलेला. विहिरीत पाणी होतं, एवढं सांगायला हवं. अर्धवट असली म्हणून काय झालं. कातळापर्यंत का होईना, भाईजान गेलाच होता.

पहिल्याच सकाळी भाईजाननं शिफाला काम लावायचा प्रयत्न केला. जोंधळ्यात पाखरं बसू नयेत म्हणून त्यानं बांबूचा उंच माळा बांधला होता. तिथं बसून दिवसभर ओरडायचं, डबा वाजवायचा.

"वाचायचंच हाय तर माळ्यावर बसून वाच," तो शिफाला म्हणाला. "जोरात वाच. पाठ बी हुईल, पाखरं बी उडतील."

"न्हाई, बडे अब्बा. हे पाखरं हाकलायला न्हाई."

भाईजान माझ्याकडं वळला. "तुझी पोरगी लई कायद्याची हाय रे."

"आईवर गेलीय," मी म्हणालो. नसीम तिथं नव्हती म्हणून म्हणालो.

मग शिफानं आपली जागा आपणच शोधली. चिंचेखाली सतरंजी टाकली, रेहल ठेवली आणि गुडघे मोडून बसली. मदरशातल्या सगळ्या मुली बसतात तशी, आणि तशीच पुढं-मागं झुलायला लागली. हे झुलणं हिफ्जच्या वर्गात कुणी शिकवत नाही आणि कुणाला टळतही नाही. पन्नास मुली एकदम झुलताना बघितल्या तर वाऱ्यात पीक हलावं तसं दिसतं. पण इथं खरंच पीक हलत होतं, आणि ती एकटी झुलत होती. थोड्या वेळानं ती थांबली. कुराण मिटलं, कापडात बांधून उंच फांदीच्या बेचक्यात ठेवलं आणि उठून धुऱ्यावर चालायला लागली. ओठ हलत होते. विहिरीपर्यंत गेली, परत आली, झाडातून कुराण काढून एकदा बघितलं, ठेवलं, पुन्हा गेली.

मी माझ्या मास्तरी आवाजात म्हणालो, "एका जागी बस शिफा. लक्ष लागतं."

पलीकडच्या शेतातून उत्तर आलं. "फिरू द्या की हो तिला."

ती गयाबाई. आमच्या आणि त्यांच्या शेताला हा एकच धुरा. तिच्या घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी लहानपणापासून चहा पितोय, आणि ती मला लहानपणापासूनच बावळट समजत आलीय. दोन्हीत अजून खंड नाही. खांद्यावर गोफण टाकून ती बांधाशी आली.

"माझा बाळू ह्याच धुऱ्यावर फिरून फिरून विष्णुपुरीच्या इंजिनेरीच्या कॉलेजात गेला. बसला की झोपायचा. तुमची बी झोपंल."

"ती झोपत नाही, काकू."

"तुम्ही झोपता. काल आल्या आल्याच चिंचंखाली घोरून राहिले होते." आणि मग शिफाला, "फिर गं माय. फक्त हरभरा तुडवू नको."

त्यानंतर रोजचा क्रम तोच राहिला. सकाळी कोवळ्या उन्हात चिंचेखाली बसून नवा सबक डोळ्यांनी बघायचा, आणि मग धुऱ्यावर पायांनी पक्का करायचा. मी सतरंजीवर. माझ्याकडं काम काहीच नव्हतं. तेव्हा मी एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत केली नव्हती. भाईजानच्या घरी भाभीकडं कुराणाची मराठी अर्थाची एक प्रत होती, ती आणून चौदावा पारा वाचायला बसलो. लहानपणी मशिदीतल्या मकतबात मीही अरबी वाचायला शिकलो, पण अर्थ हा मोठा झाल्यावर बघायचा विषय होता, आणि मोठं होण्याचं आमच्या घराण्यात काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

वाचत गेलो आणि वर बघत गेलो. जनावरं सकाळी चरायला नेता आणि संध्याकाळी घरी आणता, त्यात तुमच्यासाठी शोभा आहे, अशा अर्थाचं तिथं काही होतं. संध्याकाळी भाईजानची म्हैस आणि गयाबाईच्या शेळ्या एकाच वाटेनं धूळ उडवत परतायच्या. तेव्हा शिफाला मी ते सांगितलं. ती बघत राहिली. "ह्यात शोभा हाय?" तिनं विचारलं. म्हशीनं नेमकं तेव्हाच शेपटीनं भाईजानच्या तोंडावर फटका दिला. "असंल," शिफा म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग ती न थांबता म्हणून गेली.

सावल्यांचंही आलं. प्रत्येक वस्तूची सावली उजवीडावीकडं कलते, तेसुद्धा झुकणंच, नमाजमधला सजदाच, असं. मला माझे अब्बा आठवले. घरात भिंतीवर घड्याळ असून ते दुपारनंतरच्या नमाजची वेळ बघायला अंगणात जायचे, स्वतःच्या सावलीकडं बघत उभे राहायचे. आम्ही हसायचो. ते सांगायचे, घड्याळ बिघडलं तर रिपेरीला टाकावं लागतं. ते मकतबात असाच काठी रोवून वक्त ओळखायला शिकलेले. नमाजच्या वेळा सूर्यावर, महिने चंद्रावर, तोंड कुठं करायचं ते दिशेवर. आकाश बघितल्याशिवाय ज्याचं पानही हलत नाही असं शिक्षण, आणि ते आम्ही ट्यूबलाइटखाली घेऊन गेलो. मी शिफाला चिंचेपाशी काठी रोवून दिली. भूगोलाचा मास्तर म्हणून मोठ्या ऐटीत उत्तर दिशा दाखवली. भाईजाननं माझा हात धरून थोडा डावीकडं वळवला.

मधमाश्यांचं मात्र लिहायला नको असं वाटतं. विहिरीच्या कपारीत मोहोळ होतं. सूरा ज्यांच्या नावाची, त्या माश्या पोरीला दाखवाव्यात म्हणून मी गेलो. डोंगरांत, झाडांत आणि माणसं बांधतात त्या मांडवांत घर कर, असं मधमाशीला शिकवलं गेलंय, हे मी शिफाला समजावून सांगत असताना एकीनं मला कानावर समजावलं. गयाबाईनं चुना आणून लावला. कान संध्याकाळपर्यंत पापडाएवढा झाला. शिफा माझ्याकडं बघून हसायची, मग गप्प व्हायची, मग पुन्हा हसायची. फार दिवसांनी तिला असं हसताना बघितलं. नसीमला फोनवर मी म्हणालो, "पोरीची तब्येत सुधारतेय." "आणि तुमची?" तिनं विचारलं. शिफानं आधीच सांगितलं होतं.

मग एका सकाळी भोरड्या आल्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरं थंडीत कुठून कुठून येतात, जोंधळ्याच्या दिवसांत राहतात आणि परत जातात. हे मी नकाशात बाण काढून शिकवतो. बाण काढताना आवाज येत नाही. त्या सकाळी शेतावर एक अख्खी ओढणी वाऱ्यानं उडत यावी तसा थवा आला, वळला, दुमडला आणि जोंधळ्यावर उतरला. गयाबाईनं गोफण फिरवली. दगड सणाणून गेला, थवा उठला, हवेत तसाच तरंगत राहिला. शिफा धुऱ्यावर मान वर करून उभी होती.

त्याच पाऱ्यात पाखरांचं येतं. ती आकाशात अधांतरी असतात, त्यांना कोण धरून ठेवतं ते बघा, अशा अर्थाचं. मी तिला सांगितलं.

"मग गयाकाकू त्यांना उडवतात ते?"

गयाबाईनं ऐकलं. गोफणीत दुसरा दगड घालता घालता म्हणाली, "मी निस्ती उडवते गं. खाली पडत न्हाईत ते काय माझ्या हातात न्हाई."

भाईजान माळ्यावरून ओरडत होता, डबा बडवत होता, आम्हा सगळ्यांना कामचुकार म्हणत होता. त्या दिवशी त्याचा बराच जोंधळा गेला. रात्री जेवताना तो कुरकुरला. भाभी म्हणाली, "पाखरं दर साली खातेत. पोरगी दर साली येते का?" त्यावर त्यानं तिसरी भाकरी घेतली.

आमचा रमजान दर वर्षी थोडा मागं सरकतो. चंद्राचं वर्ष छोटं, म्हणून. लहानपणी मी रोजे धरले ते उन्हाळ्यात, पाण्याच्या घोटासाठी सूर्याकडं बघत. कॉलेजात असताना रमजान थंडीत शिरला, तेव्हा दिवस कधी संपला कळायचं नाही. आता तो परत थंडीकडं येतोय. एका आयुष्यात तो प्रत्येक ऋतूतून निदान एकदा तरी जातो. कुणाला फक्त सोपा हंगाम मिळत नाही, कुणाला फक्त अवघड. शिकवणाऱ्यानं वर्षाची पानं अशी सैल का ठेवली असतील, हे मला त्या धुऱ्याजवळ बसून पहिल्यांदा थोडंसं कळलं. कळलं म्हणजे तसं वाटलं. कान तेव्हा अजून सुजलेला होता, म्हणून नक्की सांगत नाही.

परत निघायच्या आदल्या दिवशी शिफानं धुऱ्यावर अख्खा चौदावा पारा म्हटला. मी कुराण उघडून, बोट ठेवून ऐकत तिच्यामागं चालत होतो. एकदाही अडखळली नाही. गयाबाईनं डहाळ्यांचा भारा बांधून दिला. भाईजान फाट्यापर्यंत आला आणि म्हणाला, "झालं की पोरीचं." मीही मनात म्हणालो, झालं.

आमच्यात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं की काय राहिलंय.

रमजानच्या सुट्टीआधीचा तो दिवस. मदरशात पुरुषांनी आत जायचं नसतं, म्हणून नसीम आत बसली आणि मी आवाराच्या भिंतीबाहेर, कडुलिंबाखाली. आतलं सगळं नसीमनं नंतर सांगितलं, ते तसं लिहितो. हॉलमध्ये सगळ्या मुली रांगेनं बसलेल्या. आपाजानसमोर रेहल, रेहलसमोर शिफा, गुडघे मोडून, हात मांडीवर. तिनं सुरुवात केली. पहिली पानं नीट गेली. मग ती झुलायला लागली, आणि झुलता झुलता आवाज बारीक होत गेला. एक ओळ दोनदा म्हटली. मग तीच पुन्हा. मग थांबली.

मी बाहेर बसून बंद खिडक्यांकडं बघत होतो. रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

आपाजाननं पुढचा शब्द सांगितला नाही. थांबल्या. शिफानं पुन्हा मागून धरलं आणि त्याच ठिकाणी येऊन थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठली नाही, म्हणाली नाही की राहू द्या. रांगेतल्या मुली झुलायच्या थांबल्या होत्या. नसीम म्हणते, तेव्हा तिला वाटलं की आता आपणच उठून पोरीला जवळ घ्यावं आणि घरी न्यावं.

आपाजान शिफाच्या तोंडाकडं बघत नव्हत्या. मांडीखाली मोडलेल्या तिच्या पायांकडं बघत होत्या. बोटं हलत होती, एकामागून एक, जमीन शोधावी तशी.

"पैर क्या कर रहे तेरे?"

शिफानं पाय आखडून घेतले.

"तिथं कसं याद केलं? बसून?"

"न्हाई आपा. चालत."

आपाजाननं रेहल बाजूला केली. इतक्या वर्षांत त्यांनी बसल्या जागेवरून उठून कुणाचा सबक ऐकला नव्हता, असं मुली सांगतात. त्यांनी कुराण उचललं, छातीशी धरलं, गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"चल. बाहेर चल."

दार उघडल्याचा आवाज मला आला. मग चपलांचा. मग शिफाचा आवाज, जिथं अडली होती तिथूनच धरलेला, आधी हळू. तो भिंतीच्या कडेनं माझ्या बाजूनं आला, अगदी पलीकडून गेला. मधे फक्त विटा होत्या.  ती अडलेली जागा ओलांडून गेली, आणि मला ते शब्द ओळखता आले. जनावरांचं ते. आवाज इमारतीच्या मागं वळला आणि ऐकू येईनासा झाला.

इमारतीच्या मागं स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, सायकली. तिकडून फिरून पुढं यायला किती वेळ लागतो याचा मला अंदाज नव्हता. भूगोलाचा मास्तर असूनही नव्हता. मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. मग दुसऱ्या कोपऱ्यावरून आवाज आला, आणि त्यात खंड नव्हता. मागोमाग आपाजानच्या चपला, थोड्या अंतरावर, फरफटत. त्यांचं वय झालं होतं, पोरीचा वेग त्यांना झेपत नव्हता, पण त्या तिला हळू चाल म्हणाल्या नाहीत.

असे फेरे होत राहिले. बंद खिडक्यांपैकी एक उघडल्याचा आवाज आला, मग दुसरी. मुली बघत असणार. रस्त्यावरचा एक ओळखीचा रिक्षावाला थांबून म्हणाला, "सर, काय झालं? भिंतीला कान लावून राहिलात?" मी त्याला हातानंच जा म्हणालो. दर वेळी आवाज इमारतीमागं गेला की मला वाटायचं, आता तो येणार नाही. दर वेळी तो यायचा. मधमाशीचं आलं. पाखरांचं आलं. मग मला न ओळखता येणारी पानं आली आणि गेली, कारण तिथपर्यंत माझं अर्थाचं वाचन झालंच नव्हतं. ती माझ्यापुढं निघून गेली होती.

मग एकदा आवाज मागं गेला आणि आला नाही.

मी थांबलो. चपलांचा आवाजही थांबला होता. आत कुठंतरी नळ टपटपत होता. मी तिला घरी कसं न्यायचं, रिक्षात काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करायला लागलो. ऊन कलत होतं.

मग कोपऱ्याजवळून आपाजानचा आवाज आला, दमलेला.

"क्या हुआ? रुकी क्यों?"

"हो गया आपा," शिफा म्हणाली. "संपला पारा. पुढं न्हाईच."

 मग आपाजान म्हणाल्या, "मला काय माहीत नाही का. पंधरावा धर, आत्ताच. मी बघून सांगते, तू म्हण. पैर चल रहे हैं तेरे."

आणि चपला पुन्हा वाजायला लागल्या.